काना-मात्रा खाणारे पत्ते

शनिवार सकाळ, मंचर. नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज, समोर चहा आणि मांडीवर लॅपटॉप. आठवडाभर हिंजवडीत दुसऱ्यांच्या साईटी बांधतो आणि शनिवार-रविवारी मामांची. मामांची रोपवाटिका आहे, मंचरच्या थोडं बाहेर. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मिरची, झेंडू अशी ट्रेमधली रोपं. पैसे मिळत नाहीत, जेवण मिळतं. :-)

आजचा लेख चिडून लिहितोय हे आधीच सांगतो. विषय किरकोळ वाटेल: वेबसाईटचा पत्ता, म्हणजे यूआरएल, मराठीत असावा की नसावा? माझं म्हणणं, मराठी पानाचा पत्ता मराठीतच असावा. आणि तो तसा का होत नाही याची जी कारणं आम्ही प्रोग्रामर मंडळी देतो, त्यातली निम्मी आळसाची आहेत आणि उरलेली न तपासता पाठ केलेली. त्या मंडळींत मीही आलोच.

सुरुवात कशी झाली ते सांगतो.

मामांचं मूळ गाव सातगाव पठारावर. पठारावरचा खरिपाचा बटाटा सगळ्या पुणे जिल्ह्याला माहीत आहे. रोपवाटिकेत येणारे लोक रोपं नेतात आणि जाताजाता बटाट्याबद्दल विचारतात. म्हणून मी मामांना एका तयार ब्लॉगिंग सॉफ्टवेअरवर एक छोटी साईट करून दिली होती. मामा सांगणार, मी टंकणार. त्यात एक लेख होता, 'बटाट्यावरील उशिरा येणारा करपा'. दुसरा, 'बटाट्यावरील लवकर येणारा करपा'. हे दोन वेगळे रोग आहेत. रोगकारक वेगळा, डाग वेगळे, औषध वेगळं. उशिरा येणारा करपा म्हणजे तोच, ज्याच्यामुळे १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला. थंड आणि ओल्या हवेत तो काही दिवसांत अख्खं रान झोपवतो. गंमत करायचा विषय नाही.

गेल्या पावसाळ्यात मामांनी त्या लेखाचा दुवा लोकांना पाठवला आणि रात्री मला फोन.

"अरं, काय धाडाया लावलंस मला? लोकं म्हणत्यात, ह्यो व्हायरस हाये."

"मामा, तुम्ही दुवा कॉपी करून पाठवलात ना? तोच आहे तो."

"आरं पण त्यात नुसतं टक्के-टक्के हायेत! बँकेच्या फ्रॉडवाल्यांचं आसंच येतं. कुणी उघडंना."

मामांचं बरोबर होतं. दुवा म्हणजे टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार... अशी दोनशे चिन्हांची माळ. मी ती माळ उलगडून वाचली, तर आत होतं: 'बटाट्यावरील-उशिरा-येणारा'. बस. उशिरा येणारा कोण? जावई? एसटी? 'करपा' हा शब्दच गायब!

आता हे का झालं ते बघा, कारण सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

यूआरएलचे जुने नियम इंग्रजी अक्षरांपुरते आहेत. आजही जो नियम चालतो, आरएफसी ३९८६, जानेवारी २००५, त्यात देवनागरी थेट लिहिता येत नाही. आधी अक्षराचे यूटीएफ-८ मधले बाइट काढायचे आणि प्रत्येक बाइट 'टक्का आणि दोन चिन्हं' असा लिहायचा. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका चिन्हाची नऊ चिन्हं. 'मंचर' म्हणजे म, अनुस्वार, च, र. चार चिन्हं, चार नवे छत्तीस. रोमनमध्ये सातात काम झालं असतं.

त्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या तुकड्यासाठी (ह्याला आमच्यात स्लग म्हणतात) दोनशे चिन्हांची जागा होती. इंग्रजी मथळ्याला दोनशे म्हणजे ऐसपैस. मराठीला दोनशे भागिले नऊ, म्हणजे बावीस. आता मोजा: 'बटाट्यावरील'मध्ये अकरा चिन्हं, 'उशिरा'मध्ये पाच, 'येणारा'मध्ये सहा. झाली बावीस. वर दोन छोट्या रेघा. बरोबर दोनशे भरले आणि दार बंद. 'करपा' बाहेर राहिला.

कुणी मुद्दाम मराठीचा गळा दाबला असं नाही. कोणीतरी, कधीतरी, दोनशे पुरतील असं ठरवलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी होती. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. हे बघितल्यावर आपण जो 'उपाय' काढतो त्याबद्दल.

तो उपाय काय? 'यूआरएल इंग्रजीतच ठेवा.'

सोमवारी ऑफिसात मी ही गोष्ट सांगितली तर तीन जणांनी एका सुरात हेच सांगितलं. एकजण म्हणाला, मराठी यूआरएल प्रोफेशनल दिसत नाही. (हा गडी साताऱ्याचा आहे!) एकजण म्हणाला, रोमनमध्ये मराठी लिही. तिसरा म्हणाला, मथळ्याचं नुसतं नंबर कर, कोण बघतंय पत्ता?

एकेकाकडे बघू.

पहिला मुद्दा, 'दिसत नाही'. एसटीच्या पाटीवर 'मंचर' देवनागरीत लिहिलेलं असतं. 'भीमाशंकर', 'घोडेगाव', 'जुन्नर' सगळं देवनागरीत. आजवर कोणी म्हटलं का, की एसटीची पाटी प्रोफेशनल दिसत नाही? ज्याला त्या गाडीत बसायचंय त्याला ती वाचता येते, पाटीचं काम संपलं. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून तर आपल्याकडे कायदा आहे. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती करून लहान दुकानंही त्याखाली आणली. मी काही पत्त्यांसाठी कायदा करा म्हणत नाही, कायद्याने आलेली मराठी कशी असते ते सरकारी परिपत्रकात दिसतंच. पण ज्या माणसाने दुकानाच्या पाटीसाठी बाह्या सरसावल्या, त्याच माणसाच्या साईटवर मराठी लेखाचा पत्ता इंग्रजीत असतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. हे मला कळत नाही.

आणि जालावर मराठी पत्ते चालत नाहीत असंही नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथल्या हजारो लेखांचे पत्ते देवनागरीत आहेत. ब्राउझर ते वर पट्टीत नीट दाखवतो. देवनागरी थेट लिहिता येईल अशा पत्त्यांचं प्रमाणपत्रही, आरएफसी ३९८७, त्याच जानेवारी २००५ मध्ये आलं. डोमेनसुद्धा देवनागरीत घेता येतं. '.भारत' २०१४ मध्ये सुरू झालं. म्हणजे तंत्र आपल्यासाठी वीस वर्षं थांबून राहिलंय आणि आपण अजून 'दिसत नाही' म्हणतोय.

दुसरा मुद्दा, रोमन मराठी. हा वरकरणी शहाणपणाचा वाटतो. 'मंचर' रोमनमध्ये लिहा, सगळ्यांना वाचता येईल. ठीक. मग रोमनमध्ये 'मंचर' शोधून बघा. सिंधमध्ये, पाकिस्तानात, त्याच स्पेलिंगचं एक प्रचंड सरोवर आहे, त्या देशातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या सरोवरांपैकी एक. तिथे पूर आला की आमचं मंचर बुडतं, म्हणजे शोधनिकालात. बरं, रोमन लिहायचं कसं? 'अवसरी'मध्ये मधला 'अ' लिहायचा की नाही? 'लागवड'मध्ये व्ही की डब्ल्यू? 'काळ' आणि 'काल' एकच? 'पाणी' आणि 'पानी'? मामांच्या साईटवर मी एकट्याने तीन महिन्यांत 'रोपवाटिका' तीन प्रकारे लिहिली होती. देवनागरीत ती एकाच प्रकारे लिहिता येते. शुद्धलेखनावरून आपण कितीही भांडत असलो तरी रोमनपेक्षा त्यात शिस्त आहे.

रोमनच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पुष्कळ लोक शोधताना रोमनमध्येच मराठी टंकतात. पण त्याहून पुष्कळ लोक आता टंकतच नाहीत. गूगलने २०१७ मध्ये मराठीत बोलून टंकायची सोय दिली आणि मामांसारख्यांचा प्रश्न सुटला. मामा फोन तोंडाजवळ धरतात आणि ओरडतात, "बटाट्यावरचा करपा!" (मोबाईल म्हणजे त्यांना अजून ट्रंककॉलच वाटतो.) समोर शब्द उमटतात ते देवनागरीत. स्वच्छ, काना-मात्रेसकट. म्हणजे बोलणारा मराठी, यंत्राने लिहिलेली मराठी, पानावरची मराठी आणि मध्ये पत्ता तेवढा रोमन.

तिसरा मुद्दा, नंबर. 'कोण बघतंय पत्ता?' ह्यात थोडं तथ्य आहे म्हणून ह्याच्याशी नीट बोललं पाहिजे. एसइओवाले छाती ठोकून सांगतात की पत्त्यात शब्द असले की साईट वर येते. तसं फारसं होत नाही. पत्त्यातल्या शब्दांचं वजन अगदी हलकं असतं असं गूगलची माणसंच सांगत आली आहेत. शिवाय जानेवारी २०२५ पासून गूगलने मोबाईलवरच्या निकालांत पत्त्याची साखळी दाखवणं बंद केलं, नुसतं डोमेन दिसतं. तेव्हा 'मराठी पत्ता करा, पहिल्या नंबरावर या' असं जर कोणी तुम्हाला विकत असेल तर पैसे देऊ नका.

मग मराठी पत्ता कशाला? कारण पत्ता हे पानाचं नाव आहे. ब्राउझरच्या पट्टीत 'बटा' टंकलं की आधी वाचलेलं पान पटकन वर येतं, पत्त्यात आणि मथळ्यात तो शब्द असतो म्हणून. सर्व्हरच्या नोंदीत कुठलं पान किती वाचलं ते नुसतं नजर टाकून कळतं. गूगलच्या स्वतःच्या सूचना सांगतात की पत्त्यात वाचकांच्या भाषेतले शब्द वापरा. आणि मुख्य कारण मला स्वतःला उशिरा कळलं (करप्यासारखं). ते शेवटी सांगतो.

तर मी ठरवलं, तयार सॉफ्टवेअर नको, स्वतःच बांधू. जँगो घेतलं, पायथनचं फ्रेमवर्क, रोजच्या हातातलं. जँगोमध्ये पत्ते भाषांतरित करायची सोय २०१२ पासून, म्हणजे १.४ आवृत्तीपासून आहे. सिम्फनीने अशीच सोय २०१८ मध्ये ४.१ मध्ये दिली. म्हणजे 'फ्रेमवर्कमध्ये होत नाही' हे कारण केव्हाच बाद झालंय.

इथे पहिली गोष्ट केली ती अशी. सगळीकडे पद्धत असते की मूळ पत्ता इंग्रजी आणि मराठी हे त्याचं भाषांतर, पुढे 'एमआर' असं शेपूट (खरं तर शिंग) लावून. मी उलटं केलं. मूळ भाषा मराठी. तिला पुढे काही लावायचं नाही. जँगो १.१० पासून मुख्य भाषेचं शिंग काढता येतं. इंग्रजी पानांना मात्र 'इएन' लागतं. आमच्या घरात मराठीला बेल वाजवून यावं लागत नाही, पाहुण्यांनी वाजवावी. आणि दोन्ही पानं एकमेकांची भाषांतरं आहेत हे शोधयंत्राला कळावं म्हणून पानाच्या डोक्यात 'एचरेफलँग'ची जोडी लावली. अर्ध्या तासाचं काम.

मग आली स्लगची पाळी. मथळा द्या, स्लग घ्या, असं एक तयार फंक्शन जँगोत आहे. मूळचं ते इंग्रजी सोडून सगळं फेकून देतं. पण १.९ पासून, म्हणजे डिसेंबर २०१५ पासून, 'युनिकोड चालेल' असा खटका त्यात आहे. मी खटका लावला, खुशीत सगळ्या भाज्या भरल्या आणि यादी बघितली.

टोमॅटो झाला होता 'टमट'. कोबी, 'कब'. मिरची, 'मरच'. वांगी, 'वग'. झेंडू, 'झड'. दुधी, 'दध'. माठाची भाजी झाली होती 'मठ' आणि मुळ्याचा झाला होता 'मळ'.

मामांना दाखवलं. मामा दोन मिनिटं हसले आणि मग म्हणाले, "ह्ये टमट कोन खाणार रं?"

आणि 'मळा' नावाचं पान भरायला गेलो (रोपवाटिकेची माहिती), तर डेटाबेस म्हणाला, हा पत्ता आधीच घेतलाय. बरोबर आहे. मुळ्याचाही 'मळ' आणि मळ्याचाही 'मळ'!

कारण सांगतो. ते फंक्शन 'शब्दात येऊ शकणारी चिन्हं' ठेवतं आणि बाकी काढतं. शब्दात काय येऊ शकतं हे पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन ठरवतं आणि त्याची व्याख्या 'अक्षर किंवा अंक' अशी आहे. युनिकोडमध्ये 'क' हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह ही 'अक्षरं' नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा, 'मार्क'. म्हणून ती कचऱ्यात. इंग्रजीत स्वर हेसुद्धा अक्षरच असतं, ग्रीक-रशियनमध्येही. तिथे सगळं सुरळीत. आपल्या लिपीत स्वर व्यंजनाच्या अंगाखांद्यावर बसतो आणि ह्या व्याख्येत तो नेमका खाली पडतो. हे नुसतं मराठीचं नाही. हिंदी, तमिळ, कन्नड, बंगाली सगळ्यांचं.

आणि युनिकोडवाल्यांनी हे सांगितलं नाही असंही नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनबद्दलच्या त्यांच्याच दस्तऐवजात, यूटीएस १८ मध्ये, 'शब्दातलं चिन्ह' म्हणजे अक्षरं, अंक आणि मार्कसुद्धा, असं लिहिलंय. पर्ल ही जुनी भाषा ते पाळते. रेल्सच्या तयार फंक्शनला देवनागरी मथळा दिला, तर वेगळे नियम लिहून दिले नसतील तेव्हा ते रिकामा स्लग परत देतं. मला विचाराल तर ते जास्त प्रामाणिक. निदान 'मला येत नाही' म्हणतं. 'टमट' करून हसतमुखाने हातात देत नाही.

पण दोष फ्रेमवर्कवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. मी हे फ्रेमवर्क कित्येक वर्षं वापरतोय आणि एकदाही त्याला माझ्या गावाचं नाव देऊन पाहिलं नव्हतं. 'मंचर' दिलं असतं तर 'मचर' मिळालं असतं. चार चिन्हांची चाचणी, एका मिनिटाचं काम. कितीजणांनी केली असेल?

दुरुस्ती काय केली ते थोडक्यात सांगतो, कोणाला हवी असेल तर.

एक. स्वतःचं स्लग फंक्शन. देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा ठरलेला आहे, त्यातली अक्षरं आणि खुणा ठेवायच्या, दंड आणि विरामचिन्हं काढायची. आठ-दहा ओळी.

दोन. पत्त्याचा साचा. जँगोचा तयार स्लगचा साचा फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतो, म्हणून स्वतःचा साचा लिहून नोंदवावा लागतो. तोही आठ-दहा ओळी. अंकांचंही तेच. पायथनला '४७' म्हणजे सत्तेचाळीस हे कळतं, पण जँगोचा अंकांचा साचा इंग्रजी अंकच आत घेतो.

तीन. सगळ्यात किचकट, आणि खास मराठी. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द. ह्यातला 'ऱ्य' दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर टाकतात, काही साध्या 'र'चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारा जोडक टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखे, पत्ते मात्र दोन वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण ह्यांना एक करत नाही. आणि न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकली तर 'शेतकऱ्यां'चा 'शेतकर्यां' होतो, रफार डोक्यावर चढतो. म्हणून आधी जोडकवाला 'र' बदलून 'ऱ' करायचा, मग न दिसणारी चिन्हं काढायची. क्रम महत्त्वाचा. तसंच 'ॲ'चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र देत आणि अजूनही देतात. 'ॲडव्हान्स बुकिंग'चे दोन पत्ते होऊ नयेत म्हणून हेही एक करायचं. हे मराठी माणसानेच केलं पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या माणसाला 'शेतकऱ्यां'चा 'ऱ्य' सुचणार कसा?

चार. अख्खा मथळा पत्त्यात घालायचा नाही. माणसाने दोन-तीन शब्दांचा स्लग निवडायचा: 'बटाटा-उशिरा-करपा'. यंत्राने नुसतं सुचवायचं.

पाच. प्रत्येक पानाला एक नंबर, आणि तो पत्त्यात स्लगच्या आधी. सर्व्हर पान शोधतो ते नंबरावरून. स्लग चुकला, तुटला, पुढे बदलला, तरी नंबरावरून योग्य पान काढून ३०१ ने नव्या पत्त्यावर पाठवायचं. आणि नुसता नंबर दिला तरी पान उघडायचं.

ह्या पाचव्याने टक्क्यांचा प्रश्नही सुटला. पट्टीतून कॉपी केलं की देवनागरीचे टक्के होतात, हे खरं आहे आणि माझ्या हातात नाही. म्हणून पानावर 'पाठवा' असं बटण दिलं. त्यातून जातो तो मराठी मथळा आणि खाली डोमेन आणि नंबर, एवढाच छोटा दुवा. रोपवाटिकेच्या पाटीवरही तोच छापलाय, क्यूआर कोडही त्याचाच, कारण कोडमध्ये जितकी चिन्हं कमी तितकी घरं मोठी, आणि धुळीतला फोनसुद्धा ते वाचतो. उघडल्यावर वर पट्टीत दिसतं ते मराठी नाव. फोनवर सांगायचा पत्ता नंबराचा, वाचायचा पत्ता मराठीचा. घराला नंबर असतो म्हणून कोणी दारावरची नावाची पाटी काढत नाही.

पत्ता बदलू नये, हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावून ठेवलंय. आपल्याकडे हे जास्त लागू आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांच्या पत्त्यात जिल्ह्याचं नाव होतं आणि नंबर नव्हता त्यांनी काय केलं असेल? आमच्या तालुक्याचंच घ्या. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. नाव राहिलं, कचेरी घोडेगावला. ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी हा विनोदाचा विषय नाही, म्हणून पुढे बोलत नाही. पण जागा हलली तरी नाव विचारणारा माणूस योग्य ठिकाणी पोचला पाहिजे, हे ह्या तालुक्यातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि घोडेगाव तरी एक आहे का? नेवासे तालुक्यातलं घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. म्हणून आमच्या पत्त्यात तालुका आधी, गाव नंतर.

आता ते शेवटचं कारण.

साईट सुरू झाली. रोपांची आगाऊ नोंदणी करायला एक फॉर्म होता. नाव, गाव, कोणतं रोप, किती ट्रे. चाचणीला मामी बसल्या. मामींनी फोनवर बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःचं नाव मराठीत लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या फॉर्म भरत होत्या, तोही नवऱ्याच्या धंद्याचा. बटण दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: 'नावात फक्त अक्षरे असावीत.'

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "माझं काय चुकलं का रे बाळा?"

त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. नावाची तपासणी मी लिहिली होती. जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली एक ओळ. त्यातही तीच व्याख्या: अक्षर किंवा अंक. मामींच्या नावात वेलांटी आहे. 'कमल' चाललं असतं, 'पवन' चाललं असतं, 'गगन' चाललं असतं. काना-मात्रा असलेला कोणताही माणूस माझ्या फॉर्मच्या लेखी माणूसच नव्हता. आणि वर सूचना शुद्ध मराठीत! भाषांतर चोख झालं होतं. मराठीत सांगितलं गेलं की तुमची मराठी चालणार नाही.

त्या दिवशी मला कळलं की भांडण पत्त्याचं नव्हतंच. पत्त्यात ते फक्त आधी दिसलं. 'यूआरएल इंग्रजीतच ठेवा' म्हणून मी गप्प बसलो असतो, तर 'टमट' कधी दिसला नसता आणि मामींचं नाव नाकारणारी ती ओळ तशीच राहिली असती. ती ओळ अजून कितीतरी ठिकाणी आहे: शोधाच्या खोक्यात, फॉर्ममध्ये, पावत्यांत. तिथे माणसं मुकाट्याने नाव रोमनमध्ये लिहितात आणि चूक आपलीच असं समजतात.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. मीही पेढे खाल्ले. पण पेढे देणाऱ्या ऑफिसातले आम्ही सगळे प्रोग्रामर. ज्ञानेश्वरांवर आम्ही बोलू, आणि वेलांटी कचऱ्यात टाकणारी ओळ तशीच ठेवू. ती ओळ काढायला दर्जा लागत नाही, निधी लागत नाही, समिती तर अजिबात लागत नाही. एक दुपार लागते.

तेव्हा मंडळी, एक करा. तुमच्या कामातल्या कुठल्याही साईटला, फॉर्मला, फंक्शनला तुमच्या आईचं नाव देवनागरीत देऊन बघा. ते जसंच्या तसं परत आलं तर मी चुकलो, चहा माझ्याकडून. नाही आलं, तर सोमवारी कामाला लागा.

मामींची नोंदणी झाली, हे सांगायचं राहिलं. पंधरा ट्रे झेंडू, घरच्याच रोपवाटिकेतून. पैसे दिले नाहीत. पावतीवर नाव मात्र वेलांटीसकट आलं, आणि ती पावती त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवलीय.

असो. चहा गार झाला. बाकी पुढच्या शनिवारी.